मामी, काका आणि कार्यमुक्ती

"जर मामी आणि काका मिळून सासूबाईंपेक्षा कमी भरले, तर आत्याला बोलवा." इरफान तांबोळी पडद्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचत होता. "आत्यानं दहापेक्षा जास्त देऊ नये. दिलं तर आजोबांना कळवा." तो थांबला, चष्मा काढून शर्टाला पुसला आणि माझ्याकडं वळला. "मॅडम, हा निकालाचा प्रोग्राम आहे की कुणाच्या लग्नाची बोलणी?"

सिदराममामा शिपाई चहा ठेवत होते, त्यांना हसू फुटलं. मला आलं नाही. "मला लक्षात ठेवायला सोपं पडतं," मी म्हणाले आणि कपबशी ओढून घेतली.

ही नऊ वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. माणगंगा विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी तेव्हा एकोणीस वर्षं काढली होती. पदवीच्या सगळ्या निकालांचा प्रोग्राम माझा. फॉक्सप्रो नावाच्या, जगानं कधीच टाकून दिलेल्या भाषेत मी तो एकटीनं लिहिला होता आणि मीच चालवत होते. विद्यापीठात तीन कुलगुरू आले आणि गेले, इमारतीला दोनदा रंग लागला, प्रोग्राम तोच राहिला. तो नव्या भाषेत लिहून घ्यावा की आहे तसाच चालवावा, एवढं ठरवायला पुण्याच्या एका कंपनीनं इरफानला महिनाभरासाठी पाठवलं होतं. मिरजेचा माणूस, पस्तिशीचा. घरून आणलेल्या डब्यासारखा टापटीप, बोलणं हळू. त्याच्यावर रागवायला काही जागाच सापडत नव्हती, याचा मला जास्त राग यायचा.

मला स्वतःलाही त्याच महिन्यात एक ठरवायचं होतं. नागपूरच्या एका सरकारी माहिती केंद्रात तीन वर्षांच्या प्रतिनियुक्तीसाठी माझं नाव यादीत लागलं होतं. अटी दोन. मे महिन्यात पायथन या नव्या भाषेची प्रात्यक्षिक परीक्षा पास व्हायची, आणि विद्यापीठानं कार्यमुक्तीचं पत्र द्यायचं. नागपूरला माझा नवरा होता. सुधाकर हवामान खात्यात, सहा वर्षांपूर्वी तिकडं बदली झालेला. जानेवारीत तो न्हाणीघरात घसरून पडला आणि शेजारच्यांनी दार फोडेपर्यंत चार तास ओल्या फरशीवर पडून होता. मला कळलं तेव्हा बी.कॉम.चा निकाल चालू होता. रजा मिळाली दोन दिवसांची. तिसऱ्या दिवशी मी परत येऊन मशीनसमोर बसले होते. त्याच्या पायाला अजून प्लास्टर होतं. त्यानं एका शब्दानं बोल लावला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

"तांबोळी," मी चहा संपवून विचारलं, "ही पायथन शिकण्यासारखी आहे का हो? खरं सांगा. माझं वय सेहेचाळीस."

"कशासाठी शिकणार, त्यावर आहे."

"नोकरीसाठी. दुसऱ्या कशासाठी शिकतं कोण?"

"मग सहा आठवडे पुरतील. तुम्हाला फॉक्सप्रो येतं, म्हणजे डोकं तयार आहे." तो जरा विचार करून म्हणाला, "पण या भाषेचा एक हट्ट आहे. आपण लिहिलेलं नंतर येणाऱ्याला सरळ वाचता आलं पाहिजे. तो पटला तर ती आवडेल. नाहीतर रोज भांडण."

"नंतर येणाऱ्याला कशाला वाचता यायला पाहिजे?"

तो हसला. त्याला तो विनोद वाटला. मी खरंच विचारत होते.

त्याच दुपारी मी परीक्षा नियंत्रक गुंजाळ सरांकडं गेले. कार्यमुक्तीचा माझा हा पाचवा अर्ज. आधीचे चार त्यांच्या आणि त्यांच्या आधीच्या साहेबांच्या शेऱ्यांसह फायलीत होते. 'सेवा अत्यावश्यक.' 'सेवा अत्यावश्यक.' पुढच्या दोन्हींवर नुसतं 'वरीलप्रमाणे.'

"मोहोळकर मॅडम, तुम्ही म्हणजे या विभागाचा कणा आहात," सर म्हणाले. "कणा काढून कुणी देतं का?"

"सर, माझे मिस्टर तिकडं एकटे आहेत. प्लास्टर आहे."

"मला कल्पना आहे हो. मी काय दगड आहे का?" त्यांनी अर्ज पुन्हा माझ्याकडं सरकवला. "एक करा. तुमचा प्रोग्राम दुसऱ्या कुणालातरी समजावून द्या. नीट, कागदावर. ज्या दिवशी द्याल त्या दिवशी सही करतो. शब्द देतो."

हे त्यांनी प्रत्येक वेळी सांगितलं होतं. प्रत्येक वेळी मी बरं म्हणून परत आले होते. समजावून सांगायला मी एकदाही बसले नव्हते, आणि ते का, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुधाकरलाही नाही.

शिकायला मात्र लागले. मैत्रिणीच्या मुलीकडून पायथनचं पुस्तक आणलं, रोज सकाळी ऑफिसला तासभर आधी यायचं आणि धडे गिरवायचे. पहिले आठ दिवस मी त्या भाषेला मनसोक्त शिव्या घातल्या. ओळ किती आत सरकली आहे यावरून तिचा अर्थ बदलतो! पोळी तव्याच्या मधोमध पडली नाही तर भाजणार नाही, असलं सोवळं. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला कळत होतं, पण शिव्या देऊन बरं वाटायचं. नवव्या दिवशी वीस विद्यार्थ्यांचे गुण वाचून पास-नापास सांगणारा छोटा प्रोग्राम चालला. फॉक्सप्रोत मला त्यासाठी दीड पान लागलं असतं, इथं अकरा ओळी. मला एवढा आनंद झाला की सिदराममामांना बोलावून दाखवलं.

"झ्याक हाय की," मामा म्हणाले. "पर बाई, ह्यात मामी कुठाय?"

मामी होती. मी सवयीनं तीच नावं घातली होती. इरफान आला, त्यानं त्या अकरा ओळी वाचल्या आणि मान हलवली.

"चालतंय छान. पण हे कुणासाठी लिहिलंय?"

"कुणासाठी म्हणजे? मशीनसाठी."

"मशीनला काय, तुम्ही क-ख-ग लिहा. माणसासाठी लिहायचं मॅडम. 'मामी'च्या जागी 'अंतर्गत गुण' लिहिलंत तर काय बिघडतं?"

"तुम्हाला काय माहीत मामी म्हणजे अंतर्गत गुण?" माझा आवाज चढला असावा. मामा कपबश्या उचलून निघून गेले.

इरफान पडद्याकडं बघत म्हणाला, "अंदाज केला."

तो दिवस माझा वाईट गेला. संध्याकाळी सुधाकरचा फोन आला. प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे, डबेवाल्या बाईंची मुलगी बाळंतीण, म्हणून डबा बंद, तो वॉकर धरून उभ्यानं खिचडी लावत होता. मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"हेमा, तुझ्या त्या पत्राचं काय झालं?"

"प्रोग्राम समजावून दे म्हणतात."

"मग दे की. आठ दिवस बस आणि दे. त्यात अडलंय काय?"

"तुला नाही कळायचं ते."

"सहा वर्षं तेच ऐकतोय, मला नाही कळायचं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "एकदा कळेल असं सांग तरी." मी खिचडी लागेल म्हणून फोन ठेवायला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी मशीनच्या खोलीत इरफानसमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, आता सांगून टाकावं. या माणसाचं पुढच्या महिन्यात तोंडही दिसणार नाही.

"तांबोळी, ती नावं मी लक्षात राहावीत म्हणून दिलेली नाहीत. कुणाला कळू नयेत म्हणून दिलीत."

त्यानं डब्याचं झाकण लावलं.

"मी इथं लागले तेव्हा सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर होते. आम्ही दोघं होतो. मी आणि धनंजय उबाळे. उबाळे हुशार. त्यानं प्रवेशाचा प्रोग्राम लिहिला, वर सुंदर वही केली, कुठली ओळ काय करते ते सगळं मराठीत. साहेबांनी वही घेतली, पाठ थोपटली. पुढच्या जूनमध्ये त्याची ऑर्डर निघाली नाही. वही होती ना, आता उबाळे कशाला हवा? तो टेबल रिकामं करत होता तेव्हा मी निकालाचा प्रोग्राम लिहीत होते. त्याच दिवशी मी सगळी नावं बदलली. कॉलेजला असताना मी मामीकडं राहायचे. ती न मोजता वाढायची, म्हणून अंतर्गत गुण म्हणजे मामी. आत्या काही द्यायची तर आधी दहा जणांसमोर बोलून घ्यायची, म्हणून कृपांक, ग्रेसचे मार्क, म्हणजे आत्या. सासूबाई म्हणजे पास व्हायची मर्यादा. तिथवर कुणी पोचतच नाही." मला हसू आलं आणि लगेच गेलं. "शिवाय मध्ये दोन-तीनशे ओळी नुसत्या घोळ घालायला टाकल्या. काहीच न करणाऱ्या. उघडून बघणाऱ्याला भोवळ यावी म्हणून. दोन वर्षांनी मला कायम केलं. कारण माझ्याशिवाय निकाल लागत नव्हता."

"आणि मग सोडेनात."

"कसे सोडतील? आईच्या बाराव्याला जाऊन आले, दहाव्याला नाही. नवरा पडला तेव्हा दोन दिवस. आणि खरं सांगू का? मला आता तो समजावून देता येत नाही हो. त्या दोन-तीनशे ओळींतल्या खोट्या कुठल्या आणि नंतर गरजेपोटी घातलेल्या खऱ्या कुठल्या, ते मी विसरलेय. कित्येक वर्षं झाली. म्हणून मी तिकडं हातच लावत नाही. दरवर्षी निकाल लागेपर्यंत मला झोप लागत नाही. सर म्हणतात कागदावर लिहून द्या. काय लिहू?"

इरफाननं बॅगेतून एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. दोन्ही बाजूंनी त्याच्या बारीक अक्षरात भरलेला. मामी, अंतर्गत गुण. काका, लेखी गुण. सासूबाई, उत्तीर्णतेची मर्यादा. आत्या, कृपांक. आजोबा, एकूण. नणंद, गैरहजर. खाली लिहिलं होतं: ओळ ४१२ ते ६२०, यातल्या नऊ कामाच्या. बाकी काढून मागच्या पाच वर्षांचे निकाल पुन्हा चालवले. एका गुणाचाही फरक नाही. कुठल्या नऊ, तेही पुढं लिहिलं होतं.

मी तो कागद तीनदा वाचला. सगळं बरोबर होतं.

"किती दिवस लागले?"

"चार." मग जरा ओशाळून म्हणाला, "त्यातला एक दिवस लाइट नव्हती."

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चार दिवस! एकोणीस वर्षं मी ज्याच्या आड बसले होते ते चार दिवसांत, तेही लाइट नसताना. "मग इतक्या वर्षांत कुणाला कसं कळलं नाही?"

"कुणी वाचायला बसलं होतं का, मॅडम?"

मी आठवून बघितलं. कुणीच नाही. एकाही साहेबानं तो कधी उघडायला लावला नव्हता. नवा माणूस आणून दोन आठवडे शेजारी बसव, असं कुणी म्हटलं नव्हतं. माझी रजा नामंजूर करणं त्यापेक्षा सोपं होतं. मी समजत होते की माझ्या चलाखीनं मला धरून ठेवलंय. प्रत्यक्षात तसदी घ्यायचा कंटाळा, एवढंच होतं ते.

"माझा अहवाल शुक्रवारी जाणार," इरफान म्हणाला. "हा कागद मी अजून कुणाला दाखवलेला नाही. तुमचा आहे. मी अहवालात दोनांपैकी काहीही लिहू शकतो. प्रोग्राम नव्या भाषेत लिहून घ्यावा, दोन महिन्यांचं काम, हे खरं. किंवा गुंतागुंतीचा आहे, सध्या मोहोळकर मॅडमच्या हाताखालीच चालू ठेवावा. हे खोटं, पण तपासणार कोण? ताई, तुम्ही ठरवा." मॅडमवरून ताईवर तो कधी आला, ते माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

बुधवार, गुरुवार मी तो कागद पर्समध्ये घेऊन फिरले. दिला, तर मी त्याच क्षणी बिनकामाची. नागपूरची परीक्षा अजून व्हायची होती, त्यात नापास झाले तर इथंच राहायचं, आणि मग कुठल्यातरी कोपऱ्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायचे. उबाळेची वही डोळ्यांसमोरून हलेना. नाही दिला, तर खुर्ची राहील, 'कणा' राहील, दरवर्षीचं जागरणही राहील. आणि तिकडं सुधाकर उभ्यानं खिचडी लावत राहील.

शुक्रवारी सकाळी मी माझा तो अकरा ओळींचा पायथनचा प्रोग्राम उघडला. मामीच्या जागी अंतर्गत गुण लिहिलं. काकांच्या जागी लेखी गुण. सासूबाई काढताना हात जरा अडखळला. मग वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं. सरळ कळत होतं. सिदराममामांनाही कळलं असतं. मला एकदम मोकळं वाटलं आणि त्याच वेळी भर वर्गात अंगावरचा पदर ढळल्यासारखं वाटलं. दोन्ही खरं होतं.

मी गेले तेव्हा गुंजाळ सर फोनवर होते. दीक्षान्त समारंभाचा मंडप कुठल्या बाजूला उघडा ठेवायचा यावर मंडपवाल्याशी घासाघीस चालू होती. मी इरफानचा कागद, खाली माझी सही, आणि वर सहावा अर्ज असं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी फोन कानाला तसाच ठेवून कागद उलटसुलट करून बघितला.

"हे काय?"

"प्रोग्राम, सर. समजावून दिलाय. तांबोळींनी तपासलाय. कुणीही चालवू शकेल."

"कुणीही?"

"कुणीही."

"नाही नाही, पूर्वेकडून ऊन येतं, तिकडून बंदच पाहिजे," ते फोनमध्ये म्हणाले, आणि तसंच बोलता बोलता पेनाचं टोपण दातांनी काढून माझ्या अर्जावर सही केली. तारीखही मीच घालायची होती. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं. त्यात कुत्सितपणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"एवढं सोपं होतं, तर आधीच का नाही दिलंत, मॅडम?"

मी नमस्कार केला आणि बाहेर आले. जिन्यावर कठडा धरून दोन मिनिटं उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की ही सही झाली की मी हसेन. सिदराममामांनी वरून बघितलं आणि पाण्याचा पेला घेऊन खाली आले.

मे महिन्यात मी परीक्षेला बसले. माझ्याबरोबरची सगळी माझ्या निम्म्या वयाची होती. पास झाले, काठावरच झाले म्हणा, पण झाले. पर्यवेक्षक बाई माझा कागद घेताना म्हणाल्या, "तुमचं वाचायला फार सोपं आहे." त्यांना त्याची किंमत काय माहीत!

नागपूरला सुरुवातीचे सगळे आठवडे मी फोन हाताशी ठेवायचे. स्वयंपाक करताना ओट्यावर, आंघोळीला गेले तर दाराबाहेर. काहीतरी अडेल, कृपांक चुकतील, एखाद्या कॉलेजचे गुण उलटे पडतील आणि मोहोळकर मॅडम, मोहोळकर मॅडम करत कुणीतरी फोन करेल. सुधाकरला ते दिसत होतं. तो आता काठी घेऊन चालायचा, आणि फोन वाजला की काठी टेकत स्वतः आणून द्यायचा. परीक्षा विभागाचा कधीच नसायचा.

जुलैत एका रविवारी मी वर्तमानपत्र चाळत होते. आतल्या पानावर, गावोगावच्या बातम्यांत, चार ओळी होत्या. माणगंगा विद्यापीठाचे पदवीचे सर्व निकाल तेवीस दिवसांत जाहीर, गतवर्षी लागले होते एक्केचाळीस दिवस. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, खोटं कशाला बोलू? कुठं चूक झाल्याचं लिहिलंय का, म्हणून मी त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. नव्हतं लिहिलं.

"काय बघतेयस एवढं?" सुधाकरनं विचारलं.

"आमचा निकाल लागला."

"अडलं नाही ना कुठं?"

"नाही," मी म्हणाले. फोन उचलून आतल्या खोलीत ठेवून आले, आणि दार लोटून त्याच्यासाठी खिचडी टाकायला गेले.